बंधाऱ्याजवळचा फलक: सुधाकरराव नाईकांवरून एका गावात झालेला वाद

पुसद तालुक्यातल्या एका गावाने नाल्यावरचा जुना सिमेंट बंधारा दुरुस्त केला. थोडा पैसा पंचायतीचा, थोडी लोकवर्गणी. गाळ उपसला, फुटलेली कड पुन्हा बांधली, उपसलेला गाळ ज्यांनी मागितला त्यांच्या वावरात टाकला. मग ठरलं की बंधाऱ्याजवळ माजी मुख्यमंत्री सुधाकरराव नाईकांच्या नावाचा माहितीफलक लावायचा. ते 10 मे 2001 रोजी गेले आणि त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळतात. 1 मेच्या ग्रामसभेत मजकूर मंजूर करून घ्यायचा आणि 10 मेला फलक उभा करायचा, एवढाच बेत होता.

1 मेला मजकूर मंजूर झाला नाही. त्या ग्रामसभेपासून फलक प्रत्यक्ष लागेपर्यंत काय झालं, ते इथे लिहिते आहे. गावाचं नाव देत नाही, बोलणाऱ्यांचीही नावं देत नाही. त्यांना तिथेच राहायचं आहे. माझं माहेर हे गाव, पुसदला मी इतिहास शिकवते, म्हणून मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी तटस्थ नव्हते. माझं मत होतं, ते मी बैठकीत मांडलं आणि इथेही मांडणार आहे.

पहिला मसुदा

गावठाणापासून हाकेच्या अंतरावर बंजाऱ्यांचा तांडा आहे. एका अंगाला बौद्धवाडा, मशिदीजवळ मुसलमानांची मोजकी घरं, बाकी कुणबी, माळी, आंध. पहिला मसुदा लिहिला तांड्यावरच्या एका जुन्या कार्यकर्त्याने. पंचायत समितीचे माजी सदस्य, वय सत्तरीच्या पुढे. सगळं गाव त्यांना दादा म्हणतं. नाईकसाहेबांच्या प्रचारासाठी त्यांनी सायकलवर तांडे पालथे घातले होते. मसुद्यात तीन गोष्टी होत्या: साहेब जलसंधारणाचे प्रणेते, साहेब कणखर प्रशासक, आणि आपल्याच पक्षातल्या गुंडांना न सोडणारा निर्भय मुख्यमंत्री. ग्रॅनाइटच्या फलकाचा खर्च एक ठेकेदार देणार होता.

मसुदा वाचून झाला. माणसं उठायला लागली होती, तेवढ्यात मागून चाचा बोलले. चाचा तरुणपणी मुंबईला बेकरीत कामाला होते. मुंबईच्या दंगलीनंतर, 1993 च्या उन्हाळ्याआधीच ते गावी परतले आणि पुन्हा कधी मुंबईला गेले नाहीत. ग्रामसभेत ते सहसा बोलत नाहीत.

'पाण्याचं लिहा. हजारदा लिहा, मी टाळ्या वाजवतो. पण कणखर लिहून राह्यले ना, तं मले इचारा, त्या जानेवारीत मी कुठं होतो.'

दादा लगेच म्हणाले, 'चाचा, गावच्या बंधाऱ्यावर मुंबईचं काय काम?'

हा प्रश्न साधा नव्हता. पुढची सगळी चर्चा याच्याभोवती फिरली, आणि माझ्या मते उत्तरही याच प्रश्नात दडलेलं होतं. ग्रामसभा तहकूब झाली. सरपंचताईंनी पाच-सहा जणांना बसून मजकूर ठरवायला सांगितलं: दादा, चाचा, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, बचत गटाच्या एक अध्यक्ष, तांड्यावरचा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा, आणि मी. उन्हामुळे बैठका रात्री जेवणं झाल्यावर, समाजमंदिरात.

माणूस

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. गहुली हे पुसद तालुक्यातलं बंजाऱ्यांचं लहानसं गाव. तिथल्या वसंतराव नाईकांनी डिसेंबर 1963 पासून फेब्रुवारी 1975 पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून जास्त, महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सांभाळलं. सुधाकरराव त्यांचे पुतणे, जन्म 1934 चा. गावचे सरपंच, मग पंचायत समिती, मग यवतमाळ जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद, मग आमदार आणि मंत्री अशी एकेक पायरी चढत ते 25 जून 1991 ला मुख्यमंत्री झाले. शरद पवार तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते आणि नाईक ही त्यांच्या पसंतीची निवड मानली गेली. फेब्रुवारी 1993 मध्ये नाईकांनी राजीनामा दिला. पुढे ते हिमाचल प्रदेशचे राज्यपाल झाले, वाशीममधून लोकसभेवर गेले.

एकाच गावाने दोन मुख्यमंत्री दिले याचा अभिमान तांड्यावरच्या लहान पोरालाही आहे. या अभिमानाला इतिहास आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांवर मारलेला शिक्का कायदा गेल्यावरही पुसला गेला नव्हता. बैलांवर मीठ-धान्य वाहणाऱ्या, मग ते काम गेल्यावर ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांच्या समाजातून दोघं जण राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसले. फलकावर एखादी उणी ओळ लिहायची म्हटलं की तांड्याला काय वाटतं, हे बाहेरच्या माणसाने आधी समजून घ्यावं.

पाणी

पाण्याबद्दल वाद झालाच नाही, म्हणून थोडक्यात. 1992 मध्ये राज्यात स्वतंत्र जलसंधारण विभाग सुरू झाला. तोवर मृदसंधारण एका खात्याकडे, लहान तलाव दुसऱ्याकडे, झाडं तिसऱ्याकडे अशी कामं विखुरलेली होती. एकाच नाल्यावर वरच्या अंगाला एक खातं बांध घालायचं आणि खालच्या अंगाला दुसरं तळं खोदायचं. दोघांची गाठ पडायची नाही. पाणलोट क्षेत्र एक धरून माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचं ही कल्पना सरकारच्या रचनेत बसवण्याचं श्रेय नाईकांना द्यावंच लागतं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा आमच्याकडे त्यांच्याच नावाने ओळखतात. पद गेल्यावरही त्यांनी हा विषय सोडला नाही, आणि मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो. खुर्ची गेल्यावर माणसं विषय बदलतात.

आमच्याकडे खाली काळा पाषाण, वर काळी माती. पाऊस कमी नाही, पण पडतो तो वाहून जातो. त्यामुळे नाल्यात एक बंधारा धरला की आजूबाजूच्या विहिरींना दिवाळीनंतरही पाणी राहतं आणि हरभऱ्याला एक-दोन ओलिती मिळतात. हे चाचांनाही मान्य, दादांनाही मान्य.

बचत गटाच्या अध्यक्षांनी सुचवलं की राज्य महिला आयोग जानेवारी 1993 मध्ये, नाईकांच्याच काळात स्थापन झाला, तेही लिहावं. जागा नाही म्हणून ते राहिलं. राहायला नको होतं.

धाडस

दादांच्या मसुद्यातली दुसरी आणि तिसरी ओळ नुसती भक्ती नव्हती. उल्हासनगरचे पप्पू कालानी तेव्हा काँग्रेसचेच आमदार होते. त्यांच्यावर टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली कारवाई झाली ती नाईकांच्या काळात. पुढे नाईकांनी उघडपणे आरोप केला की कालानींच्या बाबतीत सबुरीनं घ्या असं शरद पवारांनी आपल्याला सांगितलं होतं. पवारांनी तो फेटाळला. या दोघांपैकी कुणाचं खरं हे ठरवायला आम्ही बसलो नव्हतो. पण एवढं दिसतं की ज्यांच्यामुळे खुर्ची मिळाली त्यांच्याशीच वैर ओढवेल अशी पावलं या माणसाने टाकली.

गुरुजींनी यावर एक गोष्ट मांडली, ती मला पटली. विरोधी पक्षाच्या गुंडाला पकडायला धैर्य लागत नाही, नुसतं पोलीस खातं लागतं. स्वतःच्या आमदारांच्या आकड्यावर सरकार उभं असताना त्यातल्याच एकाला हात लावणं वेगळं. आणि हे करणाऱ्याच्या मागे साखर कारखाने, सहकारी बँका, शिक्षणसंस्थांचं जाळं असं पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांसारखं बळ नव्हतं. पुसदचा एक मतदारसंघ आणि एक आडनाव होतं. म्हणून 'निर्भय' हा शब्द दादांनी लिहिला तेव्हा मी त्यावर काट मारली नाही.

जानेवारी

आता मुंबई. बाबरी मशीद 6 डिसेंबर 1992 ला पडली आणि मुंबईत दंगल उसळली. ती निवल्यासारखी झाली आणि जानेवारीत पुन्हा पेटली. दोन्ही मिळून 900 माणसं मेली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात हा आकडा आहे: 575 मुस्लिम, 275 हिंदू, 45 जणांची ओळख पटली नाही, 5 इतर. पोलिसांच्या गोळीबारात 356 जण मेले, सुरे-चाकूंनी 347.

आयोगाने जानेवारीतल्या हल्ल्यांसाठी प्रामुख्याने शिवसेनेला आणि तिच्या नेतृत्वाला जबाबदार धरलं. पोलिसांच्या पक्षपाताचीही नोंद केली, अधिकाऱ्यांची नावं घेतली. मुख्यमंत्र्यांबद्दलचा ठपका वेगळा आहे. 6 ते 10 जानेवारी असे चार मोलाचे दिवस सैन्याच्या परिणामकारक वापराबद्दल विचार करून आदेश देण्यात वाया गेले, असं आयोग म्हणतो. राजकीय नेतृत्व दुबळं होतं, राजकीय कारणांनी चालढकल झाली आणि पोलीस आयुक्तांना परस्परविरोधी आदेश गेले, असंही.

हा ठपका नेमका काय आहे ते बैठकीत समजावून सांगावं लागलं, कारण 'साहेबांनी सैन्य बोलावलं होतं' हे दादांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सैन्य होतं. पण मुलकी प्रशासनाच्या मदतीला आलेलं सैन्य आपणहून गोळी झाडत नाही, जमावही पांगवत नाही. ते रस्त्याने संचलन करतं, लोक गॅलरीतून बघतात, गाड्या पुढे गेल्या की मागच्या गल्लीत पुन्हा तेच सुरू. दंडाधिकारी सैन्याला जमाव पांगवायला सांगू शकतो, तशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 130 मध्ये होती. पण या माणसांना मोकळे हात देऊन काम सांगा, असं म्हणणारं कुणीतरी वर बसलेलं असावं लागतं. राज्यात ती जागा मुख्यमंत्र्याची.

चाचांनी त्या चार दिवसांचं वर्णन केलं नाही. मी विचारलंही नाही. ते एवढंच म्हणाले, 'आम्ही माळ्यावर होतो. खाली मिलिटरीची गाडी गेली की वाटायचं, आता झालं. मग ते पुन्हा यायचे.'

बैठकीतली भांडणं

दादांचा पहिला बचाव असा की मेलेल्या माणसाला बोल लावू नये. आपल्याकडे ही रीत आहे आणि ती चांगली आहे. तेराव्यापर्यंत घरात दुखवटा असतो, तेव्हा कुणी हिशेब काढत नाही. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. साहेब जाऊन दोन दशकं उलटली. आणि हा ठपका त्यांच्या मागून आलेला नाही. आयोगाचा अहवाल फेब्रुवारी 1998 मध्ये सरकारला दिला गेला, ऑगस्टमध्ये विधिमंडळात मांडला गेला. नाईक तेव्हा हयात होते, राजकारणात होते. उत्तर देण्याची संधी त्यांना होती.

शिवाय हा आयोग नेमला कुणी? 25 जानेवारी 1993 ला, नाईकांच्याच सरकारने. मी हे सांगितलं तेव्हा दादा सरसावून बसले. त्यांना ते ठाऊक नव्हतं आणि त्यांना ते फलकावर हवंच होतं. 1996 मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने आयोग गुंडाळला आणि काही महिन्यांनी पुन्हा जिवंत केला, हा सगळा इतिहास पाहिला की चौकशी नेमणं ही किरकोळ गोष्ट वाटत नाही. ज्या माणसाने चौकशी बसवली त्याच्यावरच त्या चौकशीने बोट ठेवलं. माझ्या मते हे त्याच्या बाजूने जातं.

तांड्यावरच्या मुलाने अभ्यासाच्या भरात सांगितलं की बॉम्बस्फोटही त्यांच्याच काळात झाले. ते खरं नाही. स्फोट 12 मार्च 1993 चे; तेव्हा नाईकांचा राजीनामा झालेला होता आणि 6 मार्चपासून पवार पुन्हा मुख्यमंत्री होते. ही चूक मी अनेक शिकलेल्या माणसांकडून ऐकली आहे. दोष लिहायचा तर तारीख लावून लिहायचा, म्हणजे दुसऱ्याचं ओझं याच्या डोक्यावर जात नाही.

गुरुजींनी जमाखर्चाची गोष्ट काढली. एका बाजूला जलसंधारण, गुंडांवर कारवाई, महिला आयोग. दुसऱ्या बाजूला चार दिवस. जमा जास्त, तर खर्च कशाला दाखवायचा? याला चाचांच्या आधी बचत गटाच्या ताईंनी उत्तर दिलं. आम्ही गटाच्या वहीत जमा कितीही असली तरी खर्चाचं पान फाडत नाही, त्या म्हणाल्या. मला याहून पुढचं वाटतं: ही दोन पानं एका वहीतली नाहीतच. आमच्या नाल्यात अडलेल्या पाण्याने मुंबईतलं एकही माणूस परत येत नाही, आणि मुंबईत मेलेल्यांमुळे बंधाऱ्यातलं पाणी खारट होत नाही. दोन्ही खरं, आणि दोन्ही आपापल्या जागी पूर्ण. बेरीज-वजाबाकी करून एक आकडा काढायचा हट्ट धरला की कुणीतरी खोटं ठरतं, एकतर चाचा नाहीतर दादा. ते दोघंही खोटं बोलत नव्हते.

धाडसी माणूस त्या चार दिवसांत का थांबला, यावर एक रात्र गेली. दादांचं म्हणणं, साहेबांना दिल्लीतून आणि पक्षातून कुणी काम करू दिलं नाही. यात तथ्य असेल. त्या काळात नाईक आणि पवार यांच्यात फाटलेलं होतं, आणि आयोगानेही राजकीय कारणांमुळे चालढकल झाल्याचं म्हटलं आहे. पण याचा अर्थ असाही होतो की शहर जळत असताना राज्याच्या प्रमुखाचं अर्धं लक्ष खुर्चीच्या भांडणात होतं. मला वाटतं, एका बलदंड माणसाशी वैर घ्यायला लागणारं धैर्य आणि दर तासाला आदेश द्यायला लागणारं धैर्य एक नसतं. पहिलं माणूस रात्रभर विचार करून जमवू शकतो. दुसऱ्याला विचाराला वेळ नसतो. चुकीचा ठरू शकेल असा निर्णय ताबडतोब घ्यावा लागतो आणि त्यात माणसं मरतील हे माहीत असूनही घ्यावा लागतो. नाईकांकडे पहिलं होतं. दुसरं त्या जानेवारीत दिसलं नाही. हे म्हणताना मला आनंद होत नाही. आमच्या भागातला माणूस आहे.

कुणाच्याही खासगी आयुष्यातल्या ऐकीव गोष्टी निघाल्या की सरपंचताई थांबवत होत्या. बरोबर केलं. फलक माणसाच्या पदाबद्दल होता.

सर्वांत अवघड आक्षेप दादांचा नव्हता, त्या मुलाचा होता. तो म्हणाला, 'ताई, मले आयोगाचं मान्य आहे. पण एक सांगा. मोठ्या जातीच्या नेत्यायच्या किती फलकांवर त्यायच्या चुका लिहिल्या? चौकात ज्यायचे फोटो लागतात, त्यायच्याबद्दल त्याच अहवालात जे लिहिलं आहे, ते कुणी फलकावर लिहिते का? मंग आमच्याच माणसापासून सुरुवात काहून?'

याला पटकन उत्तर देता येत नाही, आणि देऊ नये. त्याचं म्हणणं खरं होतं. आपल्याकडे ज्याच्या मागे जमाव मोठा त्याची चूक लहान, आणि ज्याच्या मागे माणसं थोडी त्याचा इतिहास सगळ्यांना तोंडपाठ. हे माप असंच राहिलं तर आमचा फलक न्यायाचा नव्हता, तांड्याला दिलेली आणखी एक ठोकर होती. चाचांनाही ते उमगलं. ते म्हणाले, 'पोरा, तू म्हणतो ते सोळा आणे. मंग नेम सगळ्यायले एक लावू.'

मार्ग

दादांच्या पहिल्याच प्रश्नाकडे परत जावं लागलं: गावच्या बंधाऱ्यावर मुंबईचं काय काम? मी त्यांना सांगितलं, काहीच नाही, जर फलक फक्त पाण्याबद्दल असेल. जलसंधारण विभाग, साल, बंधारा, नाव. त्यात कुणाचाही आक्षेप नाही, चाचांनी पहिल्या दिवशीच तसं म्हटलं होतं. पण 'कणखर प्रशासक' आणि 'गुंडांना न सोडणारा' असं लिहिलं की मुंबईला आपणच गावात बोलावलं. कालानी पुसदचे नव्हते. मंत्रालयातलं शौर्य लिहायचं तर मंत्रालयातले ते चार दिवसही लिहावे लागतील. म्हणजे दोन मार्ग प्रामाणिक आहेत: फक्त पाणी, किंवा पूर्ण मुख्यमंत्री. धाडस हवं आणि जानेवारी नको, हा तिसरा मार्ग नाही.

मला वाटलं होतं, दादा फक्त पाणी निवडतील. वादही मिटला असता. त्यांनी पुढच्या बैठकीला येऊन सांगितलं की धाडसाची ओळ काढायची नाही. लोक साहेबांना फक्त बांध-बंधाऱ्याचा माणूस समजतात. ते कुणाला भ्यायले नाहीत, हे नातवंडांना कळलं पाहिजे. त्यासाठी दुसरी ओळ सोसावी लागत असेल तर सोसू. त्यांच्या दोन अटी होत्या. ठपका कुणाचा आहे ते स्पष्ट लिहायचं, गावाने ठेवल्यासारखा दिसता कामा नये. आणि आयोग साहेबांच्याच सरकारने नेमला हे त्याच ओळीत यावं. दोन्ही अटी रास्त होत्या.

मेलेल्यांच्या आकड्यावर थोडी खळखळ झाली. काहींना धर्मनिहाय आकडे हवे होते, हिंदूही मेले हे दिसावं म्हणून. चाचा म्हणाले, 900 लिहा, पुरे. तेच ठरलं.

10 मेला फलक तयार नव्हता. जलपूजन झालं, भाषणं झाली, नारळ फुटला. त्यानंतरच्या विशेष ग्रामसभेत हा मजकूर हात वर करून बहुमताने मंजूर झाला:

'सुधाकरराव नाईक (1934–2001). गहुलीचे सरपंच, पुसदचे आमदार, जून 1991 ते फेब्रुवारी 1993 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. त्यांच्या काळात 1992 मध्ये राज्यात स्वतंत्र जलसंधारण विभाग सुरू झाला. पाणी अडवण्याचं आणि जिरवण्याचं काम त्यांनी पद गेल्यावरही सोडलं नाही. स्वतःच्या पक्षाच्या आमदारावर कारवाई करताना ते डगमगले नाहीत. त्यांच्याच काळात डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत दंगली होऊन 900 माणसं मेली. सैन्याच्या वापराचे आदेश देण्यात मुख्यमंत्र्यांचे चार दिवस वाया गेले, असं त्यांच्याच सरकारने नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं.'

विरोधात हात वर करणाऱ्यांत तांड्यावरची काही वडीलधारी मंडळी होती. त्यातल्या एकांनी सभेत सांगितलं की दादा म्हातारपणी फितले. दादांनी उत्तर दिलं नाही. ठेकेदाराने ग्रॅनाइटचे पैसे मागे घेतले. असल्या फलकावर माझं नाव नको, असा निरोप आला. मग पत्र्याचा फलक करून पुसदहून पेंटर आणून लिहून घेतला. अक्षर चांगलं आलं आहे.

माझं मत, आणि राहिलेलं काम

गावाने निवडलेला मार्ग दोन्हींपैकी कठीण होता आणि माझ्या मते योग्य होता. मजकुरात मला एक उणीव दिसते: आमदारावरची कारवाई नावाशिवाय आणि आयोगाची ओळ तपशिलासकट, त्यामुळे धाडस धूसर आणि दोष ठळक झाला. नाव घालायला मी सुचवलं होतं. कोर्टकचेरी नको म्हणून ते वगळलं. दंगलीला मुख्यतः जबाबदार कोण, हेही फलकावर नाही. वाचणाऱ्याला वाटू शकतं की आयोगाने बोट दाखवलं ते एकट्या नाईकांकडे. ही उणीव मोठी आहे. पुढच्या वेळी फलक रंगवायला काढतील तेव्हा ती ओळ घातलीच पाहिजे, मग चौकातल्या कुणाला आवडो न आवडो.

चाचांना मी विचारलं, समाधान झालं का. ते म्हणाले, समाधानासाठी नव्हतं. फक्त 'कणखर' एकटं उभं राहू नये म्हणून होतं.

त्याच विशेष ग्रामसभेत तांड्यावरच्या मुलाने मांडलेला ठराव एकमताने मंजूर झाला. यापुढे गावात कोणत्याही दिवंगत नेत्याचा फलक लावायचा तर त्याची कामं तारखेसह लिहायची, आणि पदाची स्तुती केली असेल तर त्या पदावर असताना सरकारी चौकशीत किंवा न्यायालयात नोंदवला गेलेला दोषही लिहायचा. हा नेम जातपात आणि पक्ष न बघता लागू. हात वर करताना बऱ्याच जणांना वाटलं असेल की हे कागदावरच राहील.

तसं झालेलं नाही. चौकात दुसऱ्या एका पक्षाच्या दिवंगत नेत्याचा फलक आधीपासून आहे, मोठा, कमानीसह. तो नव्याने रंगवायचा अर्ज पंचायतीकडे आला आहे आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर आहे. सरपंचताईंनी मजकूर तपासायला माझ्याकडे पाठवला. दादांचा फोन आला होता. ते म्हणाले, 'पोरी, आमच्या साहेबाले जे माप लावलं, ते इथं ढिलं करू नको.' अर्जदार भेटून गेले आणि म्हणाले, त्या गोष्टी जुन्या झाल्या, कशाला उकरता. मी त्यांना ठरावाची प्रत दिली. मजकुरात दोन ओळी वाढवाव्या लागतील. त्या मी लिहिल्या आहेत आणि सरपंचताईंकडे दिल्या आहेत.